‘पॅटर्न’ : एका शब्दाचे मूळ आणि कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे म्हणतात. शब्दाचे मात्र दोन्ही शोधावे. त्यातून पुष्कळदा आपलीच विस्मृती उघडी पडते. नांदेड-लातूर भागात आता परका न राहिलेला ‘पॅटर्न’ हा इंग्रजी शब्द आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. दहावीच्या निकालानंतरच्या रविवारी मिस्सा आटोपून माणसे चर्चच्या आवारात थांबतात, तेव्हा तो हमखास कानी येतो. “धाकट्याला लातूर पॅटर्नला टाकलं बघा,” असे एखाद्या मावशी सांगतात आणि ऐकणाऱ्यांना पुढे काही विचारावे लागत नाही. परगावची खोली, खानावळीचा डबा, दोन वर्षांची जाग्रणे, घरावरचे कर्ज आणि डॉक्टर होण्याची आशा, हे सारे त्या एका शब्दात आलेले असते.

या शब्दाचे संसार अनेक आहेत. शिंप्याकडे पॅटर्न म्हणजे कापड बेतण्यासाठी कापलेला कागद. साडीच्या दुकानात तो काठाची नक्षी होतो, तर परीक्षार्थ्याकडे प्रश्नपत्रिकेची मांडणी. 2020 च्या साथीत ‘धारावी पॅटर्न’ची वाखाणणी झाली. त्याआधी 2018 साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमिनी विकून बसलेल्या शेतकऱ्यांची मुले गुन्हेगारीकडे कशी ओढली जातात ते दाखवले आणि शब्दाला काळी छटा दिली. अनुकरणीय तेही पॅटर्न आणि भयावह तेही पॅटर्न! चांगल्या-वाइटाचा विवेक सुटून केवळ ‘पुन्हा पुन्हा तसेच घडणे’ एवढाच अर्थ उरू लागला, की शब्द झिजला असे समजावे.

मुळात तो असा नव्हता. लॅटिनमध्ये ‘पातेर’ म्हणजे पिता; आपला ‘पितृ’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. त्यावरून ‘पात्रोनुस’, म्हणजे पित्याप्रमाणे पाठीशी उभा राहणारा. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, तेव्हा आश्रयदाता आणि अनुकरणीय नमुना हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत होते. ज्याच्या छायेत वाढायचे, त्याच्यासारखेच व्हायचे. पुढे त्याची ‘पेट्रन’ आणि ‘पॅटर्न’ अशी दोन रूपे झाली आणि माणूस एकीकडे, नमुना दुसरीकडे राहिला. आयर्लंडमध्ये मात्र धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताच्या सणाला आजही ‘पॅटर्न’ म्हणतात. पोर्तुगीजांचा ‘पाद्रोआदो’ वसई-गोव्याच्या इतिहासात आपणांस भेटतो, तोही याच कुळातला. आपल्या बोलीतला ‘पाद्री’सुद्धा त्याच पित्याचा वारस आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे ‘लातूर पॅटर्न’चे परीक्षण अधिक न्यायाने करता येते. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राजवटीत राहिलेला मराठवाडा शिक्षणात मागे होता. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आपल्याकडचे नाव आले, तरी त्याचे नवल वाटावे अशी स्थिती होती. लातूरला 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. त्याचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. 1994 साली नांदेडला विद्यापीठ झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच. जादा तास, वारंवार चाचण्या आणि उत्तरपत्रिकांची काटेकोर तपासणी, ही या पद्धतीची अंगे. मुलाजवळ बसून त्याची चूक दाखवणारा शिक्षक तिच्या केंद्रस्थानी होता. तिने या भागातील मुलांच्या मनातला न्यूनगंड घालवला, हे ऋण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

गुणवत्ता यादी पुढे बंद झाली, वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ आली. पण शब्द टिकला आणि फलकांवर चढला. आज त्याच्या जाहिरातीत छायाचित्र असते ते 720 पैकी अमुक गुण मिळवणाऱ्याचे. शिकवणारा हात कुठे दिसत नाही. ज्याला गुण कमी पडले, त्याच्यासाठी ‘रिपीटर’ हा आणखी एक इंग्रजी शब्द तयार असतो. असा मुलगा सुटीत घरी येतो, पण मिस्सानंतर आवारात थांबत नाही; कोणी काय विचारील याची त्याला धास्ती असते. ती धास्ती आपल्याच प्रश्नांनी घातलेली आहे, हे आपण कबूल केले पाहिजे.

मराठीत पॅटर्नला प्रतिशब्द कोणता द्यावा? ‘नमुना’ म्हणावे, तर सात-बारा हाही गाव नमुनाच, आणि ‘काय नमुना आहे!’ ही तर चेष्टा. ‘साचा’ म्हणावे, तर ओतकामाच्या कारखान्यातला कारागीर आपल्याला दुरुस्त करील. तेथे पॅटर्न ही आधी घडवलेली प्रतिकृती असते. तिच्याभोवती वाळू ठोकून मग साचा होतो. आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो तो ‘कित्ता’. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात, ख्रिस्ताने घालून दिलेल्या उदाहरणासाठी आपल्या प्रचलित भाषांतरात हाच शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘हुपोग्राम्मोस’ हा शिकणाऱ्या मुलांना गिरवण्यासाठी लिहून दिलेल्या अक्षरांचा. कित्त्यामागे गुरुजींचा हात असतो. गिरवणाऱ्याचे अक्षर त्या वळणावर जाते, तरी ते त्याचे स्वतःचेच राहते. साच्यातून निघालेल्या वस्तूला असे स्वतःचे अक्षर नसते.

दृढीकरणाच्या वेळी आपण मुलांना संताचे नाव देतो, म्हणजे जुन्या अर्थाने पॅटर्नच देतो. त्या संतांची यादी गुणानुक्रमे लागलेली नाही. धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियान्ने लॅटिनमध्ये इतके कच्चे होते, की त्यांना सेमिनरीतून परत पाठवण्यात आले होते. परीक्षार्थी ज्यांचा धावा करतात ते कुपर्टिनोचे संत योसेफ तर अभ्यासात मंद म्हणूनच ओळखले जात. नापासाची भीती ज्यांनी स्वतः भोगली, तेच परीक्षार्थ्यांच्या पाठीशी उभे आहेत.

मुलांना लातूरला पाठवू नये, असे आम्ही म्हणत नाही. पाठवावे, कष्टही करू द्यावेत. मात्र पुढच्या रविवारी आवारात एखादा मुलगा भेटला, तर त्याचे गुण विचारण्याआधी तो जेवतो काय, झोपतो काय, तिथे त्याचे म्हणावे असे कोण आहे, हे विचारावे. ‘पॅटर्न’ या शब्दातला हरवलेला पिता तेवढ्याने तरी त्याला परत भेटेल, असा आमचा विश्वास आहे.