एका नवरीचे तीन नवरे

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातल्या स्टीव्हन्टन या खेड्याच्या चर्चची एक जुनी विवाहनोंदवही आज विंचेस्टरच्या अभिलेखागारात जपून ठेवली आहे. तिच्यातल्या नोंदी १७५५ पासूनच्या. या वहीत नमुन्याचं एक छापील पान आहे. नोंद कशी भरायची हे धर्मगुरूला कळावं म्हणून ते छापलेलं. नावांच्या आणि गावांच्या जागा मोकळ्या. त्या मोकळ्या जागा एका मुलीनं शाईनं भरल्या आणि त्या एकाच पानावर स्वतःचे तीन नवरे मांडले. तिचे वडील जॉर्ज ऑस्टेन हे त्या चर्चचे रेक्टर होते. मुलीचं नाव जेन ऑस्टेन. हा उद्योग तिनं किशोरवयात केला असावा, असं अभ्यासक मानतात.

रसग्रहण कवितेचं किंवा कथेचं करायचं असतं, पण हे पानही त्याच निगुतीनं वाचावं असं आहे. त्यासाठी आधी त्याचा साचा समजून घ्यायला हवा. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे धर्मग्रामानं, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा आदेश थॉमस क्रॉमवेलनं १५३८ मध्ये काढला. पुढची दोन शतकं विवाहाची नोंद बहुधा एका ओळीत संपायची: तारीख, नवरा, नवरी. चोरून लागणाऱ्या लग्नांना आळा घालण्यासाठी लॉर्ड हार्डविकचा कायदा १७५३ मध्ये झाला आणि २५ मार्च १७५४ पासून अमलात आला. क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावणं भाग पडलं. आधी तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा, म्हणजे ‘बॅन्स’, नाहीतर परवाना. मग वधूवरांच्या सह्या किंवा निशाण्या, धर्मगुरूची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. इतकं सगळं मावावं म्हणून छापील नमुने आले. जेननं भरला तो असाच नमुना.

पहिली जागा बॅन्सची. तिथे तिनं नवरा लिहिला आहे हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्झविल्यम, राहणार लंडन. हॉवर्ड आणि फिट्झविल्यम ही दोन्ही उमरावांच्या घराण्यांची आडनावं. एका आडनावानं भागलं असतं, पण तिनं दोन्ही एकाच माणसाला बहाल केली. शेजारी लिहिलं आहे: जेन ऑस्टेन, स्टीव्हन्टन. नवऱ्याकडे चार शब्दांचा डौल आणि राजधानी. नवरीकडे दोन शब्द आणि खेडं. ही घोषणा ऐकून कुणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगावं, असा बॅन्सचा हेतू. नमुन्याच्या या पहिल्या टप्प्यात लग्न अजून मोडू शकतं. सगळ्यात मोठं नाव तिनं नेमकं तिथे घातलं आहे.

दुसरी जागा प्रत्यक्ष विवाहाची. आता नवरा आहे एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमर, राहणार लिव्हरपूल. नाव अजूनही लांबलचक आणि कादंबरीतल्या नायकाला शोभणारं, पण उमरावाची हवेली जाऊन व्यापारी बंदर आलं आहे. नवरी तीच, गाव तेच. पानावर नवरे बदलतात, गावं बदलतात. जेन ऑस्टेन आणि स्टीव्हन्टन मात्र जागचे हलत नाहीत. सगळ्या काल्पनिक मजकुरात एवढे दोनच शब्दसमूह खरे आहेत आणि त्यांच्या आधारावर बाकीचा खेळ उभा राहतो.

तिसरी जागा सह्यांची. गाव विचारणारी जागाच इथे नाही. इथे तिनं लिहिला आहे जॅक स्मिथ आणि त्याच्यासोबत जेन स्मिथ, पूर्वीची ऑस्टेन. हेन्री फ्रेडरिकपासून निघालेलं पान जॅकपर्यंत उतरलं, आणि नवरीचं आडनाव बदललं ते या साध्या जॅकसाठी. त्याखाली साक्षीदार कोण? पुन्हा जॅक स्मिथ आणि जेन स्मिथ. कायदा दोन साक्षीदार मागतो, म्हणून नवरानवरीनं स्वतःच्याच लग्नाची साक्ष दिली. वडिलांच्या कामाची ही बाजू तिनं किती बारकाईनं पाहिली होती, हे इथे कळतं. नियम ठाऊक असल्याशिवाय तो इतका नेमका मोडता येत नाही.

पुढे १८१३ मध्ये जेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी आली आणि तिच्यातल्या नायकाचं, डार्सीचं, पहिलं नाव निघालं फिट्झविल्यम. या पानातूनच ते तिथे गेलं, असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण नावाच्या वजनाची जाण किती लवकर आली होती, ते पानावर दिसतं. तिचं लग्न कधीच झालं नाही. नवरी म्हणून तिचं नाव दिसतं ते या खेळातच.

आता हे पान एखाद्या स्वयंसेवकासमोर आलं आहे, असं समजू. वंशावळ शोधणाऱ्यांसाठी ब्रिटनमधले हजारो लोक घरी बसून अशा नोंदींच्या प्रतिमा वाचतात आणि अक्षर न् अक्षर संगणकावर उतरवतात. जन्म, विवाह, मृत्यूच्या सरकारी सूचींसाठी ‘फ्रीबीएमडी’ हा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. पॅरिशच्या वह्यांसाठी त्याचंच भावंड आहे ‘फ्रीरेग’. शोधणाऱ्याला दोन्ही फुकट. तिथला पहिला नियम असा की दिसतं तेच लिहायचं. एकाच माणसाचं आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलं असेल तर दोन्ही तशीच ठेवायची. एक अक्षर लागत नसेल तर त्याच्या जागी खालची रेघ, अनेक लागत नसतील तर तारा, दोन अक्षरांत संशय असेल तर दोन्ही चौकटी कंसात. अंदाज बांधून जागा भरायची नाही. आपल्याकडे पोथी उतरवणारा लेखनिकही अखेरीस सांगून ठेवायचा की समोर जसं दिसलं तसं लिहिलं, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊ नये. तोच बाणा.

जेननं मोकळ्या जागा भरल्या. स्वयंसेवक त्या मोकळ्या राखतो. वरवर ही दोन टोकं वाटतात, पण दोघांची पहिली पायरी एकच: नमुना काय विचारतो आणि काय विचारत नाही, हे नीट पाहणं. म्हणूनच तिचं पान उतरवणाऱ्यानं एकही नाव गाळू नये आणि शेऱ्यात लिहावं की हे नमुन्याचं पान आहे. सूचीत नुसती ओळ गेली, तर एका मुलीची लग्नं खरी ठरतील. ओळ गाळली, तर एका लेखिकेचा उमेदवारीतला मजकूर हरवेल.

बाकीच्या वह्यांत असे खेळ नाहीत, पण रस आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात निम्म्याहून अधिक नवऱ्या सहीऐवजी फुली मारत. ‘हिची निशाणी’ असं धर्मगुरू लिहितो आणि मध्ये ती वाकडी फुली असते. कितीतरी बायकांच्या हातचं कागदावर उरलेलं एवढंच. इतिहासकार याच सह्या आणि फुल्या मोजून त्या काळची साक्षरता जोखतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं बहुधा फक्त पहिलं नाव सापडतं. तिचं माहेरचं आडनाव हवं असेल तर विवाहाची नोंदच गाठावी लागते. ते आडनाव चुकीचं वाचलं गेलं, की तिच्या माहेरची पूर्ण शाखा वंशवृक्षातून तुटते. स्वयंसेवकाच्या सावधपणाचं मोल इथे आहे.

हा धागा हिंदुस्थानापर्यंतही येतो. जेनची आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये जहाजानं निघाली आणि पुढच्याच वर्षी कडलूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या हॅनकॉक या शल्यवैद्याशी तिनं लग्न केलं. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात; आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेचे स्वयंसेवक अशा नोंदी उतरवून सूची करतात. मुंबई इलाख्याच्या लष्करी छावण्यांत लागलेली लग्नंही अशीच शोधता येतात.

जेनच्या सहाही पूर्ण कादंबऱ्या लग्नापाशी येऊन थांबतात आणि नोंदवहीचं काम तिथेच सुरू होतं. दोघं कसे भेटले, नवरीच्या मनात काय होतं, हे नमुना विचारत नाही. ती पोकळी जेनला लहानपणीच दिसली आणि पुढे तिनं ती आयुष्यभर भरली. बाकीच्या वधूंना लेखिका मिळाली नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या चारदोन ओळी अनोळखी माणसं आज न बदलता उतरवत आहेत. ज्यांना तिथे आपलं माणूस सापडेल, त्यांनी शोधात आलेल्या ओळीवर थांबू नये. मूळ पानाची प्रतिमा मिळवावी आणि वरच्या-खालच्या नोंदीही वाचाव्यात. शेजारच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करणारी मुलगी पुष्कळदा त्याच नवरीची बहीण निघते, आणि दोन कुटुंबांचा संबंध त्या सहीवरून लागतो.