श्रवणाची नवी बैठक

मराठी मुलखात श्रवणाची महती जुनी आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण करताना समर्थांनी पहिला मान श्रवणाला दिला, आणि नाना विषय ऐकून त्यांतील सार तेवढे घ्यावे, असार टाकावे, असेही बजावले. पॉडकास्ट या आजच्या श्रवणप्रकाराचे मूल्यमापन करावयास याहून निराळा निकष आम्हांला आवश्यक वाटत नाही.

हे नाव बेन हॅमर्सली या पत्रकाराच्या 2004 सालच्या लेखात प्रथम आले. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट या दोन शब्दांची ती सांधेजोड होय. आकाशवाणीहून याचे वेगळेपण असे, की येथे वेळ श्रोता ठरवितो. पुणे केंद्रावरून 1955-56 साली 'गीतरामायण' प्रसारित होत असे, तेव्हा नेमल्या वेळी रेडिओपाशी बसावे लागे. आज चंदिगडातील मराठी नोकरदार सुखना तलावाच्या काठी फिरता फिरता हवे ते, हवे तेव्हा ऐकू शकतो. मात्र निवडीचा भारही त्याच्यावरच येऊन पडतो, आणि आवडते कार्यक्रम शोधण्याचा आनंद याच भारातून जन्मतो.

आम्हांला रुचलेल्या तीन कार्यक्रमांचा येथे निर्देश करतो. बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' वर्तमानातला एखादा गुंतागुंतीचा विषय थोडक्या वेळात उलगडते. दिवसभर इंग्रजी-हिंदी टिपणींत बुडालेल्या आम्हां केंद्रीय सेवकांना राज्यकारभाराची चर्चा साध्या मराठीतही होऊ शकते, याचा तेथे प्रत्यय येतो. सौमित्र पोटे यांच्या 'मित्रम्हणे'त पाहुण्यांशी ऐसपैस संवाद चालतो. ओंकार जाधव व शार्दूल कदम यांचा 'अमुक तमुक' मन आणि नाती यांसारख्या विषयांवर जाणकारांना बोलते करतो. पहिल्यात विवेचनाचा नेटकेपणा आहे, तर पुढील दोहोंत मैफलीची सैल बैठक आहे.

दोषही आहेत, आणि ते या प्रकारात सर्वत्र आढळतात. तासभर चाललेल्या गप्पांतील ऐकण्याजोगा भाग कित्येकदा वीस मिनिटांत मावण्यासारखा असतो. यजमान पाहुण्याच्या प्रत्येक वाक्याला वाहवा देऊ लागला, की संवादाचा सत्कारसमारंभ होतो. मराठी शब्द हाताशी असताना इंग्रजीकडे धावण्याची खोड तर फारच बोकाळली आहे. म्हणून आमची कसोटी साधी आहे: यजमान स्वतः ऐकतो काय? उत्तर ऐकून ज्याचा पुढचा प्रश्न बदलतो, तो आमचा आवडता. ज्याचे प्रश्न आधीच लिहून ठेवलेले असतात, त्याचा विषय कितीही मोठा असो, दुसरा भाग आम्ही ऐकत नाही.

परंतु परमुलखात वसलेल्या आम्हां कुटुंबांच्या दृष्टीने खरा प्रश्न याहून गंभीर आहे. येथे वाढणाऱ्या मुलांच्या कानावर शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, पंजाबी व इंग्रजी पडते. मराठी पडते ती केवळ आईबापांची. जेवायला बोलावण्यास आणि अभ्यासाची आठवण देण्यास तेवढी पुरते. परकी माणसे त्याच भाषेत वाद घालतात, थट्टा करतात, एखाद्या शास्त्रीय विषयाची फोड करतात, हे मुलाने ऐकलेच नाही, तर मराठी त्याला घरातल्या कामकाजापुरतीच वाटू लागते. ही उणीव पॉडकास्टने भरून निघण्यासारखी आहे. आणि नेमका तो आम्ही कानात नळ्या खुपसून एकट्याने ऐकतो! 'गीतरामायणा'च्या वेळी घरातील लहानथोर एकत्र ऐकत, त्यातले कितीतरी मुलांना न शिकविता येई.

तेव्हा वाचकांना आमची सूचना इतकीच: निवड स्वतः करावी, ती चोखंदळपणे करावी, पण निवडलेले निदान रविवारी सकाळी, पोहे होत असताना, स्वयंपाकघरात मोठ्याने लावावे. मुले लक्ष देतीलच असे नाही. तथापि मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ त्यांनी विचारला, तर त्या सकाळचे श्रवण सार्थकी लागले, असे आम्ही समजू.