पिट्सबर्ग नांवाचें शुद्ध रूप : एका अक्षराचें परीक्षण

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत पिट्सबर्ग हें पोलादाच्या धंद्यामुळें प्रसिद्धीस आलेलें शहर आहे. इंग्रजींत या नांवाच्या शेवटीं एच् हें अक्षर लिहावें कीं न लिहावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु मूळ दस्तऐवज, त्याची छापील नक्कल व सरकारी नियम यांत विरोध आल्यास प्रमाण कोणतें मानावें, हा जो संशोधकाच्या नित्य अनुभवाचा प्रश्न, त्याचें हें उत्तम उदाहरण होय. सोयीसाठीं एच् असलेल्या रूपास हकारान्त व नसलेल्या रूपास गकारान्त म्हणूं.

या बाबतींत दोन मतें प्रचलित आहेत. हकारान्त तेवढेंच शुद्ध, गकारान्त हा केवळ हस्तदोष, असें पहिलें मत. दुसरें असें कीं, या अक्षरावरून कागदाचा काळ ठरतो. गकारान्त रूप आढळल्यास तो कागद १८९१ ते १९११ मधील समजावा. आमच्या मतें दोन्हीही पुराव्यापुढें टिकत नाहींत.

प्रथम मूळ साधनें पाहूं. इ. स. १७५८ च्या नोव्हेंबरांत जनरल जॉन फोर्ब्स याच्या फौजेनें फ्रेंचांनीं नष्ट करून सोडून दिलेला ड्युकेन किल्ला घेतला. ता. २७ रोजीं ब्रिटिश मंत्री विल्यम पिट यास लिहिलेल्या पत्रांत, आपण त्या स्थळास त्याचें नांव दिल्याचें फोर्ब्सनें कळविलें. या पत्रांतील रूप हकारान्तच आहे; मात्र त्यांत यू या अक्षरापूर्वीं ओ हें एक अधिक अक्षर आहे. म्हणजे आजचीं दोन्ही रूपें पहिल्या लेखाशीं तंतोतंत जुळत नाहींत. फोर्ब्स स्कॉटिश असल्यानें तो शेवटच्या पदाचा उच्चार एडिंबरोप्रमाणें करीत असावा, असा तर्क केला जातो. पण तो तर्कच, पुरावा नव्हे.

पुढें १८ मार्च १८१६ रोजीं गांवास शहराची सनद मिळाली. मूळ सनदेंत हकारान्त रूप आहे. तिच्या छापील नकलांत मात्र एच् गळाला. हा मुद्रणदोष दिसतो. १८९० सालीं संयुक्त संस्थानांच्या सरकारनें भौगोलिक नांवांसाठीं मंडळ नेमलें. अशा सर्व नांवांतील अखेरचा एच् गाळून एकरूपता आणण्याचें धोरण त्यानें स्वीकारलें, आणि १८९१ सालीं पिट्सबर्गचाही एच् काढला. या निर्णयास सनदेच्या छापील रूपाचाही आधार घेण्यांत आला. नकलेवर विसंबून मूळ न पाहिल्याचा हा परिणाम! नागरिकांनीं चिकाटीनें विरोध चालविला, तेव्हां १९ जुलै १९११ रोजीं मंडळानें आपला निर्णय फिरविला व एच् परत दिला.

आतां कालनिर्णयाच्या मताचा विचार करूं. मंडळाचा नियम मध्यवर्ती सरकारच्या कचेऱ्यांवर बंधनकारक होता, गांवच्या लेखण्यांवर नव्हता. १९०८ सालीं तेथील विद्यापीठानें शहराचें नांव धारण केलें तें हकारान्त. उलट तेथील ‘प्रेस’ हें दैनिक १९२१ पर्यंत गकारान्तच लिहीत राहिलें. १८९१ पूर्वींही दोन्ही रूपें चालत. तेव्हां केवळ या अक्षरावरून कागदाचा काळ ठरविणें धोक्याचें होय. तसेंच गकारान्त दिसतांच तो प्रमाद समजणेंही अन्यायाचें. संग्राहकांत अतिशय मोलाचें ठरलेलें, १९०९ च्या सुमाराचें होनस वॅगनर या बेसबॉलपटूचें सिगारेटच्या पाकिटांतील चित्र घ्या. त्यांत त्याच्या सदऱ्यावर गकारान्त नांव आहे. ती चित्रकाराची चूक नव्हे, त्या दिवसांतील सरकारमान्य रूप आहे.

यावरून आमचा निष्कर्ष असा. आपल्या निवेदनांत या शहराचें नांव हकारान्तच लिहावें, कारण मूळ सनद, नागरिकांचा आग्रह व १९११ चा निर्णय हीं तिन्ही त्या बाजूस आहेत. उताऱ्यांत, ग्रंथनामांत व पत्राच्या नकलेंत जें रूप असेल तेंच ठेवावें. गुपचूप सुधारूं नये. मात्र कॅन्सस व कॅलिफोर्निया या संस्थानांत याच नांवाचीं जीं गांवें आहेत, त्यांचें शुद्ध रूप गकारान्तच आहे. तेथें एच् जोडणें हीच चूक ठरेल.

मराठींत तर ‘पिट्सबर्ग’ या एकाच लेखनांत दोन्ही रूपें लपून जातात. मोडींतील एकाच इकाराचें बालबोध करतांना ऱ्हस्वदीर्घ आपण पदरचें घालतों. येथें उलट मुळांत असलेला भेद आपल्या लिपींत पुसला जातो. म्हणून देवनागरींत यादी करणारानें मूळ रूप कोणतें, हें शब्दांत नोंदवावें. एका अक्षराची ही नोंद अर्ध्या ओळीची आहे. ती टाळल्यास पुढील अभ्यासकास मूळ कागद पुन्हा धुंडाळावा लागेल, आणि तो तोंपर्यंत शिल्लक असेलच असें नाहीं.