शेवटच्या घटकेचा धनी

मनुष्याचें नांव भाषेंत शब्द होऊन बसलें म्हणजे त्या मनुष्यास फारसें कोणी ओळखीत नाहीं. आपल्याकडे भगीरथ प्रयत्नांपुरता उरला. इटलींत रेनातो चेझारीनी शेवटच्या मिनिटापुरता उरला आहे. १३ डिसेंबर १९३१ रोजीं तुरिन येथें हंगेरीशीं २-२ अशी बरोबरी असतां ह्या फुटबॉलपटूनें अगदीं अखेरीस गोल केला. तेव्हांपासून सामन्याच्या शेवटच्या क्षणांस तिकडे ‘चेझारीनीचा टापू’ म्हणतात, व मैदानाबाहेरही ऐन वेळीं साधलेल्या कामास तोच शब्द लावतात. हा गौरव आम्हांस अन्यायाचा वाटतो.

चेझारीनी १९०६ सालीं सेनिगाल्लिया येथें जन्मला. तान्हेपणींच आईबापांनीं त्यास अर्जेंटिनांत नेलें. १९२६ सालीं तो अर्जेंटिनातर्फे खेळला, पुढें इटलीतर्फे ११ सामने. फॅसिस्ट राजवटींत परकी खेळाडूंना इटलीच्या संघांत मज्जाव झाला होता. म्हणून समुद्रापलीकडील इटालियनांचीं मुलें ‘आपलीं’ ठरवून आणण्याची चढाओढ लागली. मोंती व ओर्सी अर्जेंटिनांत जन्मलेले. हा जन्मानें इटालियन, वळणानें अर्जेंटिनी. तथापि १९३४ च्या विश्वचषकाच्या संघांत ते दोघे होते, हा नव्हता! युव्हेंटसबरोबर त्यानें सलग ५ अजिंक्यपदें पाहिलीं. त्याच्या तुरिनमधील रात्रींच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांत लेखक जरूरीपेक्षां अधिक रमतात.

खरा चेझारीनी शिक्षक झाल्यावर दिसतो. ब्यूनॉस आयर्सच्या रिव्हर प्लेट संघानें १९४१ व १९४२ सालीं अजिंक्यपद मिळविलें. मुन्योस, मोरेनो, पेदेर्नेरा, लाब्रुना व लूस्ताउ ही त्याची आघाडी. १९४२ मध्यें तिला ‘यंत्र’ हें नांव पडलें. तें आम्हांस पटत नाहीं. यंत्राचा प्रत्येक भाग ठरल्या जागीं असतो. येथें मधला पेदेर्नेरा मागें सरकून चेंडू घेई, त्याच्या पाठोपाठ प्रतिपक्षाचा बचाववाला आपली जागा सोडी, आणि त्या रित्या जागेंत मोरेनो वा लाब्रुना शिरे. जागा पडेपर्यंत चेंडू आपसांत फिरवीत राहावयाचें. गोल उशिरां होत, म्हणून ह्या मंडळींस ‘जिवाला घोर लावणारे सरदार’ असेंही म्हणत. ह्या घडणींत कार्लोस पेउसेलेचा वाटा मोठा होता, हें कबूल केलेंच पाहिजे. पण ज्याचें नांव ऐनवेळच्या धांवपळीस चिकटलें, त्याच्याच हाताखालीं इतका सबुरीचा खेळ वाढला, ह्याची इटलीच्या त्या शब्दांत दादच नाहीं.

१९४६ ते १९४८ युव्हेंटसचा शिक्षक असतां त्यास अजिंक्यपद मिळालें नाहीं. शेजारचा तोरिनो संघ तेव्हां अजिंक्य होता. पुढें १९६० मध्यें, तो तांत्रिक संचालक असतांना, युव्हेंटसनें अजिंक्यपद व चषक दोन्ही जिंकलीं. त्या संघांत रिव्हर प्लेटमध्यें त्याच्या नजरेखालीं वाढलेला ओमार सीवोरी होता. हा शिष्यही अर्जेंटिनातर्फे खेळून चुकला होता, आणि १९६१ मध्यें इटलीचा पोषाख त्यानेंही अंगावर चढविला.