मागून आलेली शिष्या : ‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राला इंग्रजीत दोन वेगवेगळी नावे लाभली आहेत. १९५० साली ई. जोसेफिन इंकस्टर यांनी केलेल्या भाषांतराचे नाव होते ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागून येते’. २०१७ साली शांता गोखले यांनी नवे भाषांतर केले. त्यांनी मूळ मराठी नाव राखले, परंतु त्याला जोडलेल्या उपशीर्षकात लक्ष्मीबाईंचा उल्लेख एक बाणेदार पत्नी असा केला. एकीला मागून येणारी दिसली, दुसरीला ताठ मानेची. दोघींनी ग्रंथ एकच वाचला होता. तेव्हा वाचकाला प्रश्न पडणे स्वाभाविक आहे: लक्ष्मीबाई मागून आल्या त्या कोणाच्या? पतीच्या, की प्रभूच्या?

हा प्रश्न आम्हांस केवळ साहित्यिक वाटत नाही. ताडोबाच्या वेशीवरील मोहर्ली येथे काही कॅथलिक कुटुंबांसमवेत आम्ही या ग्रंथाचे वाचन केले, तेव्हा स्त्रियांनी ज्या प्रश्नापाशी वाचन थांबवले तो हाच होता. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी भगिनींविषयी आपण सहज म्हणून जातो, ‘ती नवऱ्याबरोबर आली.’ या एका वाक्यात तिची श्रद्धा आपण तिच्या नवऱ्याच्या खात्यावर जमा करतो. शिष्यत्व असे दुसऱ्याच्या हाताला धरून पत्करता येते काय? ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ या प्रश्नाचे जे उत्तर देतो, त्याच्याकडे आपल्या समाजाने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम घटनाक्रम ध्यानी घ्यावा. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. गिरिप्रवचनाने टिळकांना वेड लावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा स्नानसंस्कार झाला. पत्नीला ही वार्ता मागाहून कळली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या त्या कन्या. पदरी लहान मूल होते, नातेवाइकांत हाहाकार उडाला, आणि काही वर्षे पती-पत्नी विभक्त राहिली. लक्ष्मीबाईंनी स्नानसंस्कार स्वीकारला तो १९०० साली. म्हणजे पतीच्या आणि पत्नीच्या निर्णयांत पाच वर्षांचे अंतर आहे.

ग्रंथाविषयी लिहिताना बहुतेक टीकाकार या पाच वर्षांकडे वियोगाची कहाणी म्हणून पाहतात. ती कहाणी हृदयद्रावक आहेच. परंतु आमच्या मते ग्रंथाचा आध्यात्मिक कणा या पाच वर्षांतच आहे. पतीची माया तुटलेली नाही, पतीकडे परतावे ही ओढ आहे, समाजाच्या दृष्टीने पतीमागे जाणे हाच पत्नीचा धर्म आहे. तरीही ही बाई केवळ पती ख्रिस्ती झाला म्हणून ख्रिस्ती होत नाही. ती पतीजवळ राहू लागते, पण आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवते. टिळकही सक्ती करीत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात श्रद्धेचा स्वीकार मुक्त असावा असे निःसंदिग्धपणे सांगितले. ते तत्त्व हे जोडपे त्याआधी पासष्ट वर्षे आपल्या स्वयंपाकघरात जगले होते.

आता लक्ष्मीबाईंच्या मनातील बदल कसा घडतो ते पाहावे. ग्रंथाच्या आरंभी त्यांच्या वडिलांचे सोवळे येते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात न घेणारा हा गृहस्थ लेखिकेने थट्टेने रंगवला आहे, पण त्या थट्टेखाली बालपणीची धास्ती आहे. ज्या मुलीने शुद्धतेची ही दहशत पाहिली, तीच मोठेपणी नवऱ्याच्या घरी वेगळे पाणी भरते. आणि मग एके दिवशी ती स्वतःशी विचार करू लागते की जातिभेद देवाने केला की मनुष्याने? देवाने केला असता तर पशूंच्या जातींत दिसतो तसा माणसामाणसांत उघड फरक दिसला असता. तो तर दिसत नाही. विचार एवढा साधा आहे की शाळकरी मुलालाही सुचावा. पण तो सुचल्यावर त्या बाईने त्याप्रमाणे वागून दाखवले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले. स्नानसंस्काराच्या आधी हा संस्कार तिच्या मनावर झाला होता.

येथे लेखिकेचे सामर्थ्य दिसते. या प्रसंगी आकाशवाणी होत नाही, अश्रूंचा पूर लोटत नाही. संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाबा’त मिलानच्या बागेतील तो एक क्षण आहे; सारे आयुष्य त्या क्षणाकडे धावते आणि त्या क्षणापासून पुन्हा सुरू होते. लक्ष्मीबाईंकडे अशी बाग नाही. त्यांच्याकडे घागर आहे, चूल आहे, आजारी मूल आहे, आणि अधूनमधून येणारा एक विचार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला बाग येत नाही, घागरच येते. म्हणून हे शिष्यत्व आपल्या कुटुंबांना अधिक जवळचे वाटावे. पवित्र सभेनेही प्रौढांच्या दीक्षेचा विधी १९७२ साली पुन्हा टप्प्याटप्प्यांचा केला, याचे मर्म हेच आहे. श्रद्धेला मुरण्यासाठी वेळ द्यावा लागतो.

दुसरा मुद्दा टिळकांच्या चित्रणाचा. रेव्हरंड टिळक हे मराठी ख्रिस्ती समाजाचे भूषण. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत देह ठेवला. अशा पुरुषाचे चरित्र एखाद्या भाविक लेखकाच्या हाती पडते तर त्याचा पुतळा झाला असता. पत्नीने त्याचा माणूस ठेवला आहे. त्यांचा क्षणात भडकणारा राग, हातात पैसा न टिकणे, न सांगता घराबाहेर पडणे आणि तितक्याच अचानक परत येणे, घरात दाणा नसता पाहुणे आणणे, हे सारे ती लिहिते. आणि एवढे लिहूनही वाचकाच्या मनातील टिळकांचे स्थान तसूभरही ढळत नाही. किंबहुना ते वाढते, कारण क्षमा मागणारे आणि लगेच विरघळणारे टिळकही त्याच पानांवर आहेत.

आपल्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या गौरवपर लेखांशी याची तुलना करावी. तेथे दिवंगत व्यक्ती जन्मतःच सात्त्विक असते, तिला कधी राग येत नाही, तिच्या घरी कधी भांडण होत नाही. असे लेख वाचून आपल्या मुलांना वाटते की पावित्र्य ही काही निराळ्या मातीच्या माणसांची मिरास आहे. मग ती त्या वाटेला जात नाहीत. दोष झाकून आपण मृतांचा मान राखतो असे आपल्याला वाटते, पण त्यांच्या जीवनातील कृपेचे कार्यही आपण त्याबरोबर झाकून टाकतो. संत पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत आला आहे. ज्या समाजाने आपल्या पहिल्या मेंढपाळाची दुर्बलता लपवली नाही, त्याच्या लेखकांनी सत्याला भिण्याचे कारण नाही.

तिसरा मुद्दा प्रभावाचा. आध्यात्मिक प्रभाव कसा वाढतो याविषयी आपण सभा-शिबिरांतून बरेच बोलतो. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. पतीने अक्षरे शिकवली ती शिदोरी. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांपाशी थांबले होते. पतीच्या पश्चात या बाईने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. त्यांचे निधन १९३६ साली झाले, आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. श्रम आणि भक्ती या दोन्ही दृष्टींनी हे कार्य मोठे आहे. तरीही प्रामाणिकपणे म्हणावे लागते की ख्रिस्तचरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ आज मोजके लोक वाचतात, आणि १९३४ पासून भागाभागांनी आलेली, घरसंसार सांगणारी ‘स्मृतिचित्रे’ ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसानेही आपली मानली. त्यांच्या घराघरांत एका ख्रिस्ती कुटुंबाचे जीवन या पुस्तकाच्या रूपाने जाऊन बसले.

याचे कारण काय असावे? लक्ष्मीबाई वाचकाला काही पटवून देऊ पाहत नाहीत. त्या सर्वांत अधिक स्वतःला हसतात. दुष्काळात व पुढेही अनाथ मुलांना त्यांनी पोटाशी धरले, पण त्याचा डांगोरा नाही. मुलांच्या खोड्या आणि आपली तारांबळ मात्र सविस्तर आहे. जो माणूस स्वतःच्या मोठेपणाची चिंता करीत नाही, त्याच्या शब्दावर परका मनुष्य विश्वास ठेवतो. मिठाची चव अन्नाला येते, मीठ स्वतः दिसत नाही.

ग्रंथात उणिवा नाहीत असे आम्ही म्हणत नाही. कॅथलिक वाचकाला येथे काही गोष्टींची वाण भासेल. स्वयंपाकघराला जितकी जागा मिळते तितकी प्रार्थनेला मिळत नाही. लेखिका आपल्या अंतरंगातील ईश्वराशी असलेल्या संवादाविषयी अतिशय मितभाषी आहे. उपासक मंडळी दिसते ती शेजारी, पाहुणे आणि सहकारी म्हणून. वेदीभोवती जमलेली मंडळी म्हणून फारशी दिसत नाही. टिळक कुटुंब अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्या परंपरेबाहेरचे, एवढ्यावर याची बोळवण करणे मात्र योग्य नव्हे. १९६४ च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशानंतर अशा विभक्त बंधुभगिनींमधील कृपेची कार्ये आदराने ओळखणे हे आपले कर्तव्यच आहे. आमच्या मते या मितभाषेचे मूळ स्वभावात आहे. जी बाई नवऱ्याशी झालेले भांडण चव्हाट्यावर सांगते, तीच देवाशी झालेले बोलणे झाकून ठेवते. तिने तेही थोडे उघडे केले असते तर मराठी भक्तिवाङ्मय अधिक संपन्न झाले असते, ही रुखरुख राहते.

या संदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील वाचकांना दुसरे एक पुस्तक आठवेल: साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’. १९४६ साली बाबा आमट्यांशी विवाह करून आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या माळरानावर कुष्ठरुग्णांसोबत संसार मांडून, नागपूरच्या एका सनातनी घरातील या मुलीनेही एका झपाटलेल्या पुरुषाच्या मागे वाट धरली. आनंदवनाला ख्रिस्ती ठरवण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली असता एक गोष्ट दिसते. पतीने हाक ऐकली ती एका क्षणी. पत्नीला ती रोज सकाळी नव्याने ऐकावी लागली, आणि ती ऐकताना घरात पीठ आहे की नाही हेही पाहावे लागले. हे दुय्यम शिष्यत्व म्हणावयाचे असेल, तर पहिल्या प्रतीचे कोणते, हे आम्हांस सांगता येणार नाही.

संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपण अद्याप ध्येयाला पोहोचलो नसून ते गाठण्यासाठी पाठलाग करीत आहोत, अशा आशयाचे उद्गार आहेत. जुन्या इंग्रजी बायबलात त्या ठिकाणी जे शब्द येतात, तेच इंकस्टरबाईंच्या भाषांतराचे शीर्षक झाले आहेत. त्या अर्थाने घेतले तर ‘मी मागून येते’ आणि ‘बाणेदार पत्नी’ यांत विरोध उरत नाही. पतीच्या मागून फरफटत जाण्यास नकार देण्याचा बाणा होता, म्हणूनच प्रभूच्या मागून स्वतःच्या पायांनी येता आले. आरंभीच्या प्रश्नाचे ग्रंथाने दिलेले उत्तर आम्हांस असे दिसते.

मराठीत ‘माग’ म्हणजे पाऊलखूण. मोहर्लीच्या जंगलात माग काढणाऱ्याला वाघ क्वचितच समोर दिसतो. धुळीत उमटलेला ठसा, चितळाची हाक, वानरांची गडबड, यांवरून तो समजतो की येथून कोणीतरी गेले आहे. या भागातील आपली कुटुंबे संख्येने थोडी आणि विखुरलेली आहेत. शेजारी गोंड बांधव आहेत, इतर समाज आहेत. आपल्या प्रवचनांपेक्षा आपल्या घरातील पाण्याचा घडा, सून आणि सासू यांचे बोलणे, उधारी फेडण्याची रीत, हेच ठसे ते पाहणार. ज्याच्या मागून आपण जातो तो त्यांना आपल्या पावलांवरूनच ओळखू येईल.

म्हणून आमची सूचना अशी, की हा ग्रंथ आपल्या कुटुंबांनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचावा, आणि शक्यतो घरातील स्त्रीने वाचावा. मुले हसतील, हसू द्यावे. वडीलधाऱ्यांना मधूनच टिळकांच्या रागाचा प्रसंग लागेल. तो गाळू नये. आणि पुढल्या वेळी कोणा भगिनीविषयी ‘ती नवऱ्याबरोबर आली’ हे शब्द ओठांवर आले, तर ते गिळून तिलाच विचारावे की, बाई, तुम्ही कशा आलात? तिची हकिगत ऐकण्यासारखी असण्याचा संभव मोठा आहे.