जाते, वज्री आणि हस्तिदंती बाहुली

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरविषयी काहीही लिहायला घेतले की लेखणी आधी एका बाहुलीकडे वळते. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या वस्तुसंग्रहालयात हस्तिदंतात कोरलेली एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेई नगरात १९३८ साली अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ही मूर्ती त्याआधीच तिकडे पोहोचलेली होती हे उघड आहे. सुरुवातीला तिचे नाते मथुरेच्या कलेशी जोडले गेले. पुढे तेर आणि भोकरदन येथील मूर्ती विचारात आल्यावर दख्खनच्या सातवाहनकालीन कारागिरांकडेही अभ्यासकांचे लक्ष वळले. मराठवाड्यातल्या एका गावाचा धागा थेट पाँपेईला जाऊन भिडतो, या गोष्टीचा अभिमान कोणालाही वाटावा, आणि तो रास्तच आहे.

मात्र या अभिमानाची किंमत संग्रहातल्या इतर वस्तूंनी मोजली आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीचे दिवे, मडक्यांचे काठ, पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती अशा कितीतरी वस्तू तेरच्या मातीतून वर आल्या. त्यांच्याकडे पाहण्याची आपली रीत त्या बाहुलीने ठरवून टाकली आहे. वस्तू परदेशाशी नाते सांगत असेल तर ती महत्त्वाची, सुंदर असेल तर प्रेक्षणीय, आणि दोन्ही नसेल तर ‘इतर’. ही प्रतवारी तेरच्या अभ्यासात कशी रुजली, तिने काय झाकले आणि तिच्याशिवाय हा संग्रह कसा वाचता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

ज्या परदेशी साधनाच्या आधारे तेरला प्राचीन व्यापाराच्या नकाशावर जागा मिळाली, त्यापासूनच सुरुवात करू. इ.स.च्या पहिल्या शतकातला ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ म्हणजे व्यापाऱ्यासाठी लिहिलेली वाटाड्याची वही. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ असल्याचे म्हटले आहे. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पेरिप्लसच्या लेखकाला तगर कशासाठी ठाऊक होते? जाड्याभरड्या कापडासाठी आणि तऱ्हेतऱ्हेच्या मलमलीसाठी. हा माल नीट रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येई, असे तो सांगतो. हस्तिदंती मूर्तींचा तगरच्या मालात तो वेगळा उल्लेख करत नाही. आपण ज्या पाश्चात्त्य साक्षीदाराला मोठ्या मानाने बोलावतो, त्याने साक्ष दिली आहे ती रोजच्या वापरातल्या, अंगावर नेसायच्या आणि पांघरायच्या वस्तूविषयी.

ते कापड आज उरलेले नाही. दख्खनच्या हवेत आणि काळ्या मातीत सुताचा निभाव लागत नाही. उरल्या त्या टकळीला बसवायच्या मधोमध भोक असलेल्या चकत्या. सातवाहनकालीन गावठाणांत मिळणारी ही वस्तू दिसायला इतकी साधी, की तिला मणी समजून पुढे जाणेही सोपे. पण चकतीचे वजन सुताविषयी बोलते. हलकी चकती बारीक सुताला सोयीची, जड चकती जाड सुताला. म्हणून एकेका चकतीचे वजन नोंदवून ती सगळी वजने शेजारी मांडली, तर जाडेभरडे कापड आणि मलमल या पेरिप्लसमधल्या दोन शब्दांच्या मागे सूत कातणाऱ्या हातांचा माग लागू शकतो. बाहुलीचा नुसता फोटोही डोळ्यांत भरतो, चकतीसाठी मात्र तराजू हाती घ्यावा लागतो.

जी वस्तू उघडउघड ‘रोमन’ म्हणून मिरवली जाते, तीसुद्धा जवळून पाहिली तर वेगळेच काही सांगते. तेर, कोंडापूर यांसारख्या ठिकाणी रोमन नाण्याचा छाप उठवलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. दोरा ओवून त्या अंगावर घालता येतील अशी सोय त्यांच्यात असते. त्यांचा उल्लेख होतो तो व्यापाराचा पुरावा म्हणून, आणि तो आहेही. पण ही चकती घालणाऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. चांदीचे नाणे परवडत नाही, म्हणून मातीचे घेतले. नाण्यावरचा चेहरा कोणा सम्राटाचा आहे हे घालणाऱ्याला ठाऊक असण्याची गरजच नव्हती. पुतळीच्या माळेची हौस बेन्टेक्सच्या दागिन्यावर भागवणाऱ्या आजच्या घरातल्या बाईला हा व्यवहार सहज कळेल. इथे सम्राटाचा चेहरा बाजारात स्वस्त झाला आणि कोणाच्या तरी गळ्यातला नित्याचा दागिना होऊन बसला. या वस्तूला फक्त ‘रोमशी संबंध’ या खणात टाकले, तर तिच्यातली ही अर्धी गोष्ट हरवते.

हेच जात्याच्या बाबतीत घडले. दख्खनमध्ये आधी पाट्यासारखा सपाट दगड होता. त्याच्यासमोर बसून हातातला दगड मागेपुढे रेटत धान्य भरडायचे. फिरते जाते आले ते सातवाहनांच्या काळाच्या सुमारास. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे केलेल्या उत्खननानंतर या जात्याची विशेष चर्चा झाली, आणि रोमशी आलेल्या संबंधातून ते इकडे आले असावे, असा अंदाजही मांडला गेला. अंदाज बरोबर की चूक, हा तज्ज्ञांचा प्रश्न. प्रस्तुत लेखापुरता मुद्दा इतकाच, की जाते कोठून आले यावर आपण जितके बोललो, तितके ते आल्याने घरात काय बदलले यावर बोललो नाही.

बदलले पुष्कळ. पाट्यावर दळणारी बाई एकटी, वाकलेली, सगळा भार खांद्यांवर आणि गुडघ्यांवर घेतलेली. जात्यावर मात्र दोघी समोरासमोर बसू शकतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागतात. एक वैरण घालते, दुसरी ओढते, हात भरून आला की पाळी बदलते. फिरण्याला लय येते आणि लयीला शब्द सापडतात. महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या रचलेल्या जात्यावरच्या ओव्या या दगडाच्या फिरण्यावर उभ्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. म्हणजे एकाच वस्तूची दोन दप्तरे आपल्याकडे आहेत. दगड संग्रहालयांत आहेत, ओव्या संशोधकांच्या संग्रहात आहेत, आणि ही दोन्ही दप्तरे एकमेकांना भेटत नाहीत. प्राचीन जात्यावर कोणती गाणी म्हटली गेली ते सांगता येणार नाही, पण त्या दगडाने कामाची कोणती रीत शक्य केली ते सांगता येते. झिजून पातळ झालेला दगड, पुन्हापुन्हा टाकी लावल्याच्या खुणा आणि खुंट्याच्या भोकाची गुळगुळीत झालेली कड हा त्या घरातल्या बायकांच्या श्रमांचा लेखी म्हणावा इतका नेमका पुरावा आहे. तो वाचायचा तर जात्याचे वय जितक्या काळजीने नोंदतो, तितक्याच काळजीने त्याची झीज नोंदवावी लागेल.

तेरमध्ये मडक्याकडे दुर्लक्ष व्हावे, हे तर आणखी विलक्षण. हे संत गोरा कुंभारांचे गाव. संतमेळ्यात कोणाचे मडके कच्चे आणि कोणाचे पक्के, हे गोरोबाकाकांनी थापटण्याने ठोकून पाहिले, ही कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. या कथेत थापटणे हे रूपक नाही, ते आधी कुंभाराचे हत्यार आहे. मडक्याचा गळा चाकावर उठतो, पोट मात्र आतून दगडाचा गोळा धरून आणि बाहेरून थापटण्याने ठोकून फुगवले जाते. फुटक्या मडक्याच्या आतल्या अंगावरून बोट फिरवले, तर या ठोकण्याचे उथळ खळगे कित्येकदा हाताला लागतात. गोरोबा सातवाहनांनंतर हजारावर वर्षांनी झाले, आणि मडके थापटून घडवण्याची ही रीत त्यांच्याही आधीपासून चालत आलेली आहे. वारकऱ्याला जी वस्तू कीर्तनातून ठाऊक आहे आणि पुरातत्त्वज्ञाला जी उत्खननातून ठाऊक आहे, ती एकच आहे, हे सांगण्याची तेरइतकी योग्य जागा दुसरी नाही. तरीही तेरचे पुरातत्त्व आणि तेरची भक्तिपरंपरा ही दोन वेगळ्या पुस्तकांतली दोन वेगळी प्रकरणे राहिली.

संग्रह कसा जमला याचाही इथे विचार करायला हवा, कारण वस्तू काय बोलू शकते ते त्यावर ठरते. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढर’ म्हणतात. माणसांच्या शतकानुशतकांच्या राबत्याने, राखेने आणि शेणाने तिथली माती पांढुरकी झालेली असते. हीच माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल गावोगाव होती. पांढर खणली की मणी, खापरे, नाणी निघत, आणि बहुतेक ठिकाणी ती शेतात मिसळून जात. तेरला ती पुष्कळ प्रमाणात वाचली, कारण रामलिंगप्पा लामतुरे यांच्यासारख्या गावातल्याच व्यापाऱ्याने ती जपली. १९५८ साली चापेकर यांनी तेरला उत्खनन केले, पुढेही उत्खनने झाली, पण गावकऱ्याने केलेल्या या जपणुकीची भरपाई त्यांतून झाली नसती.

तरी या जपणुकीची मर्यादा मान्य करायला हवी. उत्खननात वस्तू मिळते तेव्हा ती कोणत्या थरात होती, चुलीजवळ होती की कचऱ्याच्या खड्ड्यात, तिच्या शेजारी काय होते, हे सारे नोंदले जाते. हा शेजार हाच तिचा अर्थ. मातीच्या ढिगातून हाती लागलेल्या वस्तूला तो शेजार नसतो. तिचा काळ घाटावरून आणि घडणीवरून ताडावा लागतो. ज्या वस्तूची घडण ठसठशीत, ती अशा संग्रहात बोलकी ठरते, आणि ज्या वस्तूचा सगळा अर्थ शेजारात होता, ती मुकी होते. हस्तिदंती बाहुली थराविनाही बाहुलीच राहते, चकती मात्र थराविना नुसती चकती होते. आपली प्रतवारी केवळ रसिकतेतून आलेली नाही. वस्तू ज्या वाटेने आल्या, त्या वाटेनेही ती घडवली आहे.

तुलनेसाठी पुण्याचा राजा दिनकर केळकर संग्रह घेऊ. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ तो उभा केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहात दिवे, अडकित्ते, भांडी, दौती आणि वज्री आहेत. टाच घासायची वज्री ही खरे तर न्हाणीघरातली अगदी सामान्य वस्तू. सातवाहनकालीन वस्त्यांतही अंग घासायच्या मातीच्या खरखरीत वज्री मिळतात. केळकरांनी जमवलेल्या वज्रींवर मात्र पक्षी, प्राणी, नक्षी आहे, कारण त्या कवीची नजर नित्याच्या वस्तूतली कला टिपत होती. सामान्य वस्तूला संग्रहालयात मानाची जागा मिळवून देण्याचे त्यांचे श्रेय मोठे आहे. पण जागा मिळाली ती सजलेल्या वज्रीला. वापरून बोथट झालेली बिनानक्षीची वज्री न्हाणीच्या कोपऱ्यातून थेट उकिरड्यावर गेली. तेरला वस्तूचे गाव ठाऊक आहे, पण थर पुष्कळदा हरवलेला आहे. पुण्यात वस्तूचा उपयोग ठाऊक आहे, पण वापरणारे हात बहुतांशी अज्ञातवासातच राहिले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. संग्रहालयात येणारा माणूस शंभर सारख्या चकत्या पाहायला येत नाही. त्याला अपूर्व काहीतरी पाहायचे असते, आणि तिकीट काढून येणाऱ्याला ते नाकारायचे का? नाकारू नये. बाहुली दर्शनी जागीच असावी. पण अपूर्व वस्तू एखाद्या कारागिराचे कौशल्य किंवा एखाद्या धनवंताची आवड सांगते, गाव कसे जगले ते सांगत नाही. ते पुनरावृत्तीतूनच कळते. शंभर चकत्या सारख्या आहेत हीच मोठी बातमी आहे, कारण शंभर घरांत सूत निघत होते. आपल्या साहित्याच्या इतिहासात एका महाकवीच्या बरोबरीने लाखभर अनाम ओव्यांना स्थान द्यायला आपण उशिरा का होईना शिकलो. वस्तूंच्या इतिहासात तोच धडा अजून गिरवायचा आहे.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली आले. काळी आणि पांढरी, बलुतेदार आणि त्यांची कामे, गावचे रोजचे देणेघेणे हे सारे त्यात आत्र्यांनी एखाद्या कारकुनाच्या चिकाटीने टिपले. संग्रहालयाला आज हवी आहे ती अशी चिकाटी. वस्तूच्या नोंदीत काळ, माप आणि प्राप्तिस्थान तर असावेच, पण त्या भागात तिला काय म्हणतात, ती कोण वापरत असे, कशी धरत असे, मोडली तर कोण दुरुस्त करी, हेही असावे. हे विचारण्यासारखी माणसे अजून आहेत. जात्याला टाकी लावणारे, थापटणे धरणारे, टकळीवर सूत काढलेले हात गावांत सापडतात, पण ते म्हातारे झाले आहेत आणि त्यांच्या घरातल्या वस्तू भंगारवाल्याकडे चालल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चकतीला थर परत मिळवून देणे आता कोणाच्या हाती नाही. तिच्याच कुळातल्या आजच्या वस्तूंवर मात्र तीच वेळ येऊ न देणे तालुक्याच्या गावातल्या लहानशा संग्रहालयालाही, एक वही आणि काही दुपारी खर्चून, जमण्यासारखे आहे.