अकरा टक्के सोने

दिवाळी अंकात सरकारी धाटणीच्या अहवालाचे परीक्षण पाहून वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. चकलीच्या ताटाशेजारी कोष्टके कोण मांडून बसतो! पण हा अहवाल तुमच्याआमच्या कपाटातल्या डब्याविषयी आहे, आणि धनत्रयोदशीला तो डबा उघडावाच लागतो.

भारतीय कुटुंबे पैसा कसा ठेवतात आणि कसा काढतात, याचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने एक समिती नेमली होती. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील प्राध्यापक तरुण रामदोराई तिचे अध्यक्ष. अहवाल 2017 साली आला. घरगुती अर्थव्यवहाराची ही विद्याशाखा अजून कोवळीच आहे. हार्वर्डचे जॉन कॅम्पबेल यांच्या 2006 सालच्या अध्यक्षीय भाषणाने तिला पंडितांच्या पंक्तीत पाट मिळाला. माणसे पैशाचे काय करतात आणि त्यांनी काय करायला हवे, या दोहोंमधले अंतर मोजणे हा तिचा आवडता उद्योग.

अहवालातला सर्वांत गाजलेला आकडा असा : सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीपैकी 84 टक्के घरदार, जमीन व इतर वस्तूंत, 11 टक्के सोन्यात, आणि ठेवी, विमा, शेअर वगैरे मिळून उरलेले 5 टक्के. समितीला हे प्रमाण खटकते. सोन्याचा चौथा हिस्सा जरी आर्थिक साधनांकडे वळला, तरी कुटुंबाचे भले होईल, असे तिचे गणित आहे. गणित चुकीचे आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सोने व्याज देत नाही, घडणावळ परत मिळत नाही आणि मोड घालायला गेले की घट लागते, हे जळगावच्या सराफ बाजारात एकदा जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. याच अहवालात घरांच्या कर्जाचा निम्म्याहून मोठा भाग बिनतारणी असल्याची नोंद आहे. डब्यात सोने आणि दारात महाग कर्ज, ही विसंगती समितीने अचूक पकडली आहे, याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे.

माझी तक्रार वेगळी आहे. धुळे तालुक्यातील माझ्या आत्याला मी हे आकडे वाचून दाखवले. ती शेंगा निवडत होती. अकरा टक्के ऐकल्यावर मान वर न करता तिने विचारले, "त्यामा मनं कितलं से, भाऊ?"

या प्रश्नाला अहवालात उत्तर नाही. समितीने 2013 सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा आधार घेतला आहे, आणि त्या पाहणीचे एकक आहे कुटुंब. घरातले सोने कोणाचे, ते मोडण्याचा निर्णय कोणाचा, हे तिथे विचारलेलेच नाही. प्रतिभा राणी खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे स्त्रीच्या एकटीच्या मालकीचे असल्याचे स्पष्ट केले. अर्थशास्त्राच्या कोष्टकात मात्र ते अजून सगळ्या घराचे आहे.

खानदेशात याने काय फरक पडतो, ते आत्याच्याच घरी पाहावे. आखाजीला माहेराहून मिळालेली पोत, लग्नातल्या पाटल्या, कपाशीचे पैसे आले त्या वर्षीची एकदाणी : एवढा तिचा डबा. मामंजींनी आपली पुंजी एका पतसंस्थेत ठेवली होती, कारण तिथे बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळत. ती अडकली. जळगाव जिल्ह्यात अशा अडकलेल्या ठेवींच्या पावत्या घरोघर सापडतील. ज्या पाच टक्क्यांत लोकांनी यावे असे विद्वान म्हणतात, त्या पाच टक्क्यांत हे लोक जाऊन आलेले आहेत. त्या वर्षी पेरणी झाली ती पाटल्यांवर.

इथवर ऐकून वाचक म्हणतील, म्हणजे सोनेच बरे. थांबा. त्या पाटल्या कपाशी विकल्यावर सोडवून आणायच्या होत्या. कपाशीचे पैसे आले, ते विहिरीच्या मोटारीत गेले. पाटल्या परत आल्या नाहीत, आणि गहाण टाकताना आत्याला कोणी विचारलेही नव्हते. स्त्रीधन म्हणून ज्याचे पोवाडे आपण गातो, ते पुष्कळदा पुरुषाचे बिनव्याजी कर्ज असते. समितीने एकदा हा रकाना भरून पाहिला असता, तर तिच्या प्रतिपादनाला उलट बळच आले असते!

प्रत्यक्षात उपाय झाले ते सगळे याच रकान्याअभावी लंगडले. अहवालाच्या आधीच, नोव्हेंबर 2015 मध्ये, सरकारने सोने ठेव योजना काढली. शुद्धता ठरवण्यासाठी दागिना वितळवावा लागे. आजीची पोत मुशीत घालायला कोणती सून तयार होईल? त्या योजनेच्या मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवी मार्च 2025 मध्ये बंद झाल्या. यापूर्वी 1963 साली मोरारजीभाईंनी चौदा कॅरेटचे बंधन घातले, तेव्हाही सोनाराची भट्टी विझली, लोकांची हौस विझली नाही. ते बंधन 1966 मध्ये उठले.

सुवर्णरोख्यांची गोष्ट निराळी. ती खरोखर चांगली कल्पना होती. पहिल्या रोख्याचा भाव 2,684 रुपये ग्रॅम होता, आठ वर्षांनी, नोव्हेंबर 2023 मध्ये, 6,132 रुपयांनी परतफेड झाली, वर व्याज. घडणावळ नाही, चोरीचे भय नाही. आत्यासाठी मी तेव्हा हे रोखे सुचवले होते. घरात चर्चा झाली, बँकेचे पुस्तक निघाले. ते मामंजींच्या नावाचे होते. आत्याचे खाते उघडायचे ठरले, ते पुढच्या हंगामावर गेले, आणि फेब्रुवारी 2024 नंतर सरकारने नवे रोखे काढलेच नाहीत. दहा ग्रॅमचा भाव 2025 साली लाखापुढे गेला, तेव्हा आत्याने उरलेली एकदाणी डब्यातून काढून गळ्यात घातली. ती आता झोपतानाही काढत नाही.